साठानोंदीतील कारकविचार

उद्योगसंस्थेतील मालसाठ्याची संगणकीय नोंदपद्धती कशी रचावी, हा प्रश्न वरकरणी यंत्रविद्येचा वाटतो. परंतु सर्व माहिती कोष्टकरूप संबंधांत मांडावी असे प्रतिपादन करणारा ई. एफ. कॉड यांचा १९७० सालचा निबंध वाचताना भाषेच्या अभ्यासकाला आपल्याच शास्त्राची आठवण होते. त्यातील उदाहरणे पुरवठादार, सुटे भाग, प्रकल्प व नगसंख्या यांची आहेत. आजच्या असंख्य साठानोंदपद्धती त्याच विचारावर उभ्या आहेत.

या निबंधातील सर्वांत मार्मिक स्थळ ‘घटक’ या संबंधाचे होय. एका भागाच्या जुळणीत दुसरा भाग किती लागतो, हे तेथे नोंदवावयाचे असते. दोन्ही स्तंभांत भागच असल्याने अंग कोणते व अंगी कोणता, हे केवळ स्थानावरून ओळखावे लागते. हे स्थानावलंबन कॉड यांना मान्य नाही. अशा स्तंभांना भूमिकानामे जोडावी, म्हणजे क्रम लक्षात ठेवण्याचे ओझे वापरणाऱ्यावर पडणार नाही, असे ते सुचवितात. कारकविचाराशी याचे साम्य उघड आहे. ‘भांडारपालाने कारागिराला खिळे दिले’ या वाक्यातील पदांचा क्रम पालटला, तरी देणारा पालटत नाही. कारण भूमिका प्रत्ययाने सांगितलेली असते.

तथापि भूमिकांना नावे मिळाली, तरी वस्तूंच्या नावांचा प्रश्न उरतोच. एकच वस्तू एका कारकुनाने ‘चूक’ व दुसऱ्याने ‘बारीक खिळा’ म्हणून नोंदविली, तर यंत्राच्या लेखी त्या दोन वस्तू होतात. माल फळीवर पडून असताना नवी मागणी जाते. वस्तूला क्रमांक द्यावा हे खरे. पण दोन्ही नावे एकाच वस्तूची आहेत, हा निर्णय क्रमांकापूर्वीच व्हावा लागतो. परिमाणाचेही तसेच. निबंधातील कोष्टकात संख्या उघड्या आहेत. खिळे मात्र किलोने घेतले जातात व नगाने दिले जातात.

१९७९ च्या निबंधात कॉड यांनी अर्थ अधिक सामावून घेण्याचा यत्न केला व प्रणालीनेच नेमलेल्या प्रतिनिधिसंज्ञा सुचविल्या. तरीही पर्यायशब्दांचा निवाडा माणसाकडेच राहतो. म्हणून रचनाकाराने कोष्टके आखण्यापूर्वी भांडारपालाच्या तोंडची नावे ऐकून त्यांचा कोश करावा. तो सदोष राहिला, तर निर्दोष प्रतिमानही चुकीचाच हिशेब बिनचूक मांडील.