यहूदाचा अनुताप : शब्द आणि प्रसंग

यहूदा इस्कार्योताने येशूला शत्रूंच्या स्वाधीन का केले, ह्या प्रश्नाला चारही शुभवर्तमानांत एक उत्तर नाही. सर्वांत प्राचीन मानल्या जाणाऱ्या मार्काच्या कथनात हेतू सांगितलेलाच नाही. पैशाचे वचन याजकांकडून मागाहून येते. मत्तयाचा यहूदा आधी मोबदला विचारतो व तीस रौप्य नाणी घेतो. लूक सैतानाचा प्रवेश सांगतो, तर योहान त्याच्या जोडीला पूर्वीच्या चोरीचाही आरोप ठेवतो. हेतूंची ही वाढ म्हणजे माहितीची वाढ नव्हे. अनाकलनीय कृत्याला कारण पुरविण्याची ती धडपड दिसते.

मूळ ग्रीकातील क्रियापद ‘पारादिदोमी’ हे ‘सोपविणे, हवाली करणे’ अशा निर्विकार अर्थाचे आहे. देवाने आपल्या पुत्राला दिले, हे सांगताना पौलही तेच योजतो. ‘विश्वासघातकी’ ह्या अर्थाचा शब्द यहूदाला फक्त लूकाने, तोही एकदाच, लावला आहे. मराठी भाषांतरात रूढ झालेले ‘धरून देणे’ कृत्याची पोलिसी बाजू चोख दाखविते. परंतु त्यामुळे मूळातील द्व्यर्थ लोपतो. (‘फितुरी’ योजली असती तर यहूदा थेट बखरीतच जाऊन बसला असता!)

अनुतापाचा प्रसंग केवळ मत्तयात आहे. तेथील क्रियापद ‘मेतामेलोमाइ’. उपदेशातील ‘मेतानोएइन’ म्हणजे खरा पश्चात्ताप आणि हे केवळ हळहळणे, असा भेद करून यहूदाचा अनुताप कमअस्सल ठरविण्याचा प्रघात आहे. तो टिकत नाही. दोन पुत्रांच्या दृष्टांतात, आधी नकार देऊन नंतर मळ्यात कामाला जाणाऱ्या मुलासाठी मत्तयाने हेच क्रियापद वापरले आहे, आणि त्या मुलाची तेथे प्रशंसाच आहे.

तेव्हा उणीव अनुतापात नसून तो स्वीकारणाऱ्यात आहे. यहूदा अपराध कबूल करतो, पैसे परत आणतो. याजक त्याचे त्यालाच पाहावयास सांगतात. त्या पैशांनी परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचे शेत घेतले जाते. नाण्यांच्या शुद्धाशुद्धतेचा विचार होतो, माणसाचा होत नाही. त्याच रात्री पेत्रानेही तीनदा नाकारले होते. पण लूकाच्या कथनात येशू वळून त्याच्याकडे पाहतो, आणि पेत्र रडतो. यहूदाच्या वाट्याला अशी दृष्टी येत नाही.

ह्या दृष्टीचे महत्त्व औंध संस्थानाच्या इतिहासावरून मराठी वाचकास अधिक उमगेल. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन ह्यांच्या पुढाकाराने 1939 च्या सुमारास आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही खुली कैद्यांची वसाहत उभी राहिली. तेथे कैद्यांना कुटुंबासह राहून शेती करता येत असे. संस्थानातील माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी ह्याच प्रयोगावरून लिहिलेल्या कथेवर शांतारामबापूंनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. त्यातील दोन डोळे जेलरचे आहेत. बारा हात सहा खुनी कैद्यांचे. भिंतीवाचून त्यांना धरून ठेवते ती कोणीतरी आपल्याकडे पाहत असल्याची जाणीव. मत्तयाचा यहूदा नाणी मंदिरात फेकून बाहेर पडतो, तेव्हा आत बसलेल्यांपैकी एकहीजण त्याच्यामागे जात नाही.