आपत्तीची बातमी कोणी सांगावी?

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या विशेष नवजात शिशु कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली. कक्षातील १७ बालकांपैकी ७ वाचली, १० दगावली. ही घटना आपणां सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला येथे तिच्या बातम्यांकडे आणि बातमीदारांना माहिती पुरवणाऱ्या यंत्रणेकडे चिकित्सकपणे पाहायचे आहे.

पहिला मुद्दा एका शब्दाचा. पहिल्या दिवशीच्या अनेक बातम्यांत बालके 'होरपळून' गेली असे होते. आरोग्यमंत्र्यांनी त्याच दिवशी सांगितले की, ३ बालके भाजल्यामुळे आणि ७ धुरामुळे गुदमरून गेली. हा फरक केवळ शब्दांचा नाही. बंद खोलीत प्लॅस्टिक आणि गाद्या जळू लागल्या की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. ज्वाला पोचण्याआधीच धूर पोचतो. म्हणजे बालके वाचवायची तर धूर ओळखणारी यंत्रणा, धूर बाहेर काढण्याची वाट आणि कक्षात सतत जागे माणूस हवे. 'होरपळून' हा शब्द वाचणाऱ्याच्या मनात हे प्रश्न उभेच राहत नाहीत.

दुसरा शब्द 'शॉर्ट सर्किट'. आग विझून काही तास होत नाहीत तोच हे कारण सांगितले जाते आणि छापलेही जाते. पण हे कारण की कारणाचा आरंभ? दोन तारा थेट एकमेकींना चिकटल्या की रोध अगदी कमी होतो, प्रवाह प्रचंड वाढतो आणि तार तापते. अशा वेळी प्रवाह क्षणार्धात तोडण्यासाठीच फ्यूज किंवा एमसीबी असतो. तो का चालला नाही? ठिणगीजवळ पेट घेण्याजोगे काय होते? भंडाऱ्याच्या चौकशीत ठिणगीचा उगम रेडियंट वॉर्मरमध्ये, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या उपकरणात, असल्याचे पुढे आले. त्याला जवळजवळ दोन आठवडे लागले. तोवर एका शब्दाने चौकशी संपल्याचा भास झाला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागांना आगी लागल्या, तेव्हाही हाच शब्द पुन्हा कानी आला.

तिसरा मुद्दा आईबापांचा. अशा कक्षात पालकांना मुलाजवळ राहता येत नाही. ती बाहेर असतात आणि आपले मूल वाचलेल्या ७ मध्ये आहे की नाही, हे त्यांना आतून कोणी सांगेल याची वाट पाहतात. त्या सकाळी आवारातील त्यांचा आक्रोश दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दाखवला गेला. अशा वेळी आकडा आधी कॅमेऱ्याला कळला आणि नाव नंतर आईला, असे होता कामा नये. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळी लोकांनी भारतीय वाहिन्यांवर रोष व्यक्त केला, तो दुःखितांपुढे असाच ध्वनिक्षेपक धरल्यामुळे.

मात्र सारा दोष बातमीदारांच्या माथी मारणे आम्हांला मान्य नाही. माहितीची पोकळी अफवा भरून काढतात. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर येथील आयुध निर्माणीत स्फोट झाला. मृतांचा आकडा दिवसभर बदलत राहिला आणि शेवटी ८ वर थांबला. मदतकार्य चालू असताना आकडा बदलणे स्वाभाविक आहे. दोष तेव्हा होतो, जेव्हा तो सांगणारी तोंडे अनेक असतात आणि वेळ कोणीच सांगत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने परदेशी वैद्यकीय पथकांसाठी २०१३ साली किमान निकष ठरवले. रुग्णांच्या नोंदी गोपनीय ठेवणे आणि स्थानिक यंत्रणेशी समन्वय राखणे हे त्यांत आहे. तोच विवेक जिल्ह्याच्या पथकालाही लागू आहे. पथकाने एकच प्रवक्ता नेमावा आणि तो उपचार करणारा डॉक्टर नसावा. ठरावीक वेळी निवेदन द्यावे. आकड्यासोबत 'सकाळी ८ पर्यंत' अशी वेळ सांगावी. कुटुंबाला कळवल्याशिवाय नाव देऊ नये. कक्षात कॅमेरा नेऊ देऊ नये. आणि कारण विचारले तर 'अजून ठाऊक नाही, तपास चालू आहे' असे मोकळेपणाने म्हणावे. विज्ञानात हे उत्तर लाजिरवाणे मानत नाहीत, रुग्णालयाच्या पायरीवरही मानू नये.

उलट बाजूने, पत्रकारांना दाराबाहेर ठेवून गप्प बसणे हाही उपाय नव्हे. या आगीनंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. बातम्यांनी विषय लावून धरला नसता तर ते इतक्या तातडीने निघाले असते का, अशी आम्हांला शंका आहे. पण आदेशानंतर काय झाले, याचा पाठपुरावा पहिल्या पानावर क्वचितच दिसला.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. कोणत्याही अपघाताच्या पहिल्या दिवसाच्या आणि पंधराव्या दिवसाच्या बातम्या वर्गात शेजारी शेजारी ठेवा. कोणते वाक्य पाहिलेले आहे, कोणते ऐकलेले आणि कोणते अंदाजाचे, याच्या खुणा विद्यार्थ्यांना करू द्या. मग शाळेच्या विजेच्या पेटीपाशी जा आणि आपला एमसीबी शेवटचा कधी तपासला होता, ते मुख्याध्यापकांना त्यांनाच विचारू द्या.