गोळ्या ठाऊक, बोलणे अवघड

समजा, पैठणजवळच्या खेड्यातली सतरा वर्षांची नवविवाहित मुलगी सासूबरोबर सरकारी दवाखान्यात आली. ‘इतक्यात मूल नको’ हे तिला सांगायचे आहे, पण सासू शेजारीच बसली आहे. डॉक्टर सासूबाईंना दोन मिनिटे बाहेर बसायला सांगतील का? आमच्या मते डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची खरी कसोटी इथे लागते.

हा प्रसंग कल्पित असला तरी विरळा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले होते.

साधनांची माहिती डॉक्टरांना असते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, संप्रेरके नसलेली गोळी २०१७ पासून ‘छाया’ नावाने सरकारी दवाखान्यांत येऊ लागली. केवळ वय लहान म्हणून तात्पुरते साधन नाकारू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. २०१९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात संवाद आणि नीती यांनाही जागा मिळाली. म्हणजे कागदावर उणीव फारशी नाही.

उणीव आहे ती सरावाची. व्याख्यान ऐकून कोणी पोहायला शिकत नाही. एकाने मुलगी व्हावे, एकाने सासू, एकाने डॉक्टर, आणि मग ‘तुझ्या कोणत्या शब्दाने ती गप्प झाली?’ हे इतरांनी सांगावे. असा सराव झाला तरच जीभ वळते.

दुसरी अडचण कायद्याची. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराखालील मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा आहे व तो कळवणे बंधनकारक आहे. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पतीलाही सूट उरली नाही. २०२२ मध्ये न्यायालयाने अशा मुलीच्या गर्भपाताच्या वेळी पोलिसांना तिचे नाव न कळवण्याची मुभा दिली. ती गर्भपाताच्या संदर्भात. मग सल्ला मागणाऱ्या मुलीला गुप्ततेचे कोणते वचन द्यायचे? प्रशिक्षणाने याचे नेमके उत्तर दिले नाही, तर डॉक्टर विषयच टाळतील आणि मुलगी पुन्हा येणार नाही.

शिक्षकांनी हे वाचावे ते अशासाठी की, मुलांचा पहिला प्रश्न पुष्कळदा वर्गातच उमटतो. तो हसण्यावारी नेला, तर दवाखान्याची पायरी चढण्याचे धैर्य त्यांना कोठून येणार?