‘गर्ट्रूड ऑफ वायोमिंग’ : काव्यातील खोरे आणि कागदपत्रांतील खोरे

१

टॉमस कॅम्बेल (१७७७–१८४४) या स्कॉटिश कवीचे ‘गर्ट्रूड ऑफ वायोमिंग’ हे कथाकाव्य इ. स. १८०९ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाले. पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहॅना नदीच्या उत्तर शाखेवर, आजच्या विल्क्स-बॅरी नगराभोवती पसरलेले वायोमिंगचे खोरे हे या काव्याचे स्थल होय. ३ जुलै १७७८ रोजी तेथे झालेला संहार हा त्याचा विषय होय. कॅम्बेलने अमेरिका कधीही पाहिली नव्हती. असे असूनही त्या काळी या काव्याचा मोठा बोलबाला झाला. ‘एडिंबरो रिव्ह्यू’मध्ये फ्रान्सिस जेफ्री याच्यासारख्या कठोर समीक्षकाने त्याचे स्वागत केले, आणि अमेरिकेतही ते आवडीने वाचले गेले. पुढे १८६८ मध्ये रॉकी पर्वताच्या परिसरातील एका नव्या प्रदेशाला ‘वायोमिंग’ हे नाव मिळाले. मूळ खोऱ्यापासून इतक्या दूरच्या मुलखाला ते नाव सुचावे, याचे एक प्रमुख कारण म्हणजे या काव्याने ते सर्वतोमुखी केले होते.

आज हे काव्य वाङ्मयेतिहासाच्या तळटीपेत जाऊन बसले आहे. त्याचा उल्लेख होतो तो बहुधा त्यातील चुकांच्या संदर्भात. या चुका खऱ्या आहेत. परंतु त्यांची गणना करून काव्याचा निकाल लावणे सोपे असले तरी पुरेसे नाही. या काव्यात एक अधिक गंभीर दोष आहे. चुका दाखविणाऱ्या इतिहासकारांच्या नजरेतून तो दीर्घकाळ निसटला, इतकेच नव्हे तर त्यांच्याही ग्रंथांत तो उतरला. त्या दोषाचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

काव्याचे कथानक साधे आहे. इंग्लंड सोडून आलेला वृद्ध आल्बर्ट हा वसाहतीचा वडीलधारा व न्यायकर्ता. गर्ट्रूड ही त्याची मातृहीन कन्या. ह्युरॉनांच्या हल्ल्यात आईबाप गमावलेल्या हेन्री वाल्डग्रेव्ह या इंग्रज बालकाला औटालिसी नावाचा ओनायडा योद्धा आल्बर्टच्या हवाली करतो. मुलगा पुढे इंग्लंडला जातो, तरुणपणी परततो आणि गर्ट्रूडशी त्याचा विवाह होतो. त्यांच्या सुखाला जेमतेम प्रारंभ झाला असताना म्हातारा औटालिसी येऊन येऊ घातलेल्या हल्ल्याची वार्ता देतो. आल्बर्ट व गर्ट्रूड गोळ्यांना बळी पडतात आणि औटालिसीच्या शोकगीताने काव्य संपते.

स्पेन्सरी कडव्यांच्या संथ चालीत कॅम्बेलने खोऱ्याचे जे चित्र रंगविले आहे ते सुवर्णयुगाचे आहे. युरोपातील नाना देशांचे लोक येथे आपापली वैरे विसरून नांदतात. निष्पाप लोकांत क्वचित उद्भवणारा तंटा मिटवायला एकटा आल्बर्ट पुरतो. संकट येते ते बाहेरून आणि अकस्मात. प्रस्तावनेतही कवीने लोकप्रिय इतिहासग्रंथांचा व प्रवाशांचा हवाला देऊन, ही बालवसाहत मानवी सुखाच्या परमावधीचे ठिकाण होती, असेच सांगितले आहे.

काव्याच्या गुणांविषयी अनुदार राहण्याचे कारण नाही. औटालिसीचे अखेरचे गीत आजही परिणाम करते. ज्याला त्या काळचा वाचक रानटी म्हणत असे त्याच्या मुखी कवीने काव्यातील सर्वात गंभीर शोक घातला, ही गोष्ट लहान नाही.

३

आता प्रसिद्ध आक्षेपांकडे वळता येईल. पहिला निसर्गवर्णनाविषयीचा. पेनसिल्व्हेनियातील सरोवरांवर कॅम्बेलने फ्लेमिंगो पक्षी उडविले आहेत. तेथील थंड मुलखात हे पक्षी नाहीत. हा दोष देशौचित्याचा म्हणता येईल. परंतु ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त असल्या दोषांची प्रतवारी करून ठेवली आहे. हरिणीला शिंगे नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणे, हा हरिणी ओळखू न येईल अशी रंगविण्यापेक्षा लहान अपराध, असे त्याचे मत आहे. फ्लेमिंगो हे या हरिणीचे शिंग होय. ते काढून टाकले तरी काव्याचे काही बिघडत नाही आणि ठेवले तरी फारसे बिघडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. हल्लेखोरांचा नायक म्हणून कॅम्बेलने मोहॉक पुढारी जोसेफ ब्रँट याचे नाव घेतले आणि त्याला राक्षसाच्या रूपात उभे केले. वस्तुतः त्या दिवशी ब्रँट वायोमिंगमध्ये नव्हता. त्याचा पुत्र जॉन ब्रँट लंडनला आला असता त्याने कवीपुढे पुरावे ठेवले. १८२२ मध्ये कॅम्बेलने आपली चूक प्रकट पत्राने कबूल केली आणि पुढील आवृत्त्यांत काव्यातील ब्रँट हे काल्पनिक पात्र समजावे अशी टीप जोडली. काव्याच्या संहितेतील नाव मात्र तसेच राहिले. मुलाने बापाची अब्रू मागावी आणि कवीने ती तळटीपेत परत करावी, हा प्रसंग वाङ्मयीन नीतीच्या दृष्टीने अस्वस्थ करणारा आहे.

तथापि, ब्रँटच्या जागी खऱ्या नायकांची नावे घातली, तरी काव्यातील खोऱ्याचे चित्र जागचे हलत नाही. मुख्य प्रश्न त्या चित्राचा आहे.

४

‘वायोमिंग’ हा शब्द लेनापी, म्हणजे डेलावेअर, लोकांच्या भाषेतील असून ‘नदीकाठच्या विस्तीर्ण सपाटीवर’ असा त्याचा अर्थ सांगतात. या सपाटीच्या मालकीचा वाद काव्यातील हल्ल्याच्या पुष्कळ आधी सुरू झाला होता. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६६२ मध्ये कनेक्टिकट वसाहतीला दिलेल्या सनदेत पश्चिमेकडची हद्द थेट पश्चिम समुद्रापर्यंत नेली होती. त्याच राजाने १६८१ मध्ये विल्यम पेनला पेनसिल्व्हेनिया बहाल केला. दोन्ही सनदांत वायोमिंगचे खोरे येत होते. एकाच हाताने एकच जमीन दोघांना दिली होती, आणि ती देणाऱ्याने पाहिलेलीही नव्हती.

त्या वेळी या भूमीवर सहा राष्ट्रांचा इरोक्वॉय संघ अधिसत्ता सांगत असे. १७३७ च्या कुप्रसिद्ध ‘पदयात्रा खरेदी’त पेन घराण्याने डेलावेअर नदीकाठची जमीन लेनापींकडून हिरावून घेतली, आणि १७४२ मध्ये इरोक्वॉय प्रवक्ता कॅनासाटेगो याने त्यांना वायोमिंग किंवा शामोकिन येथे निघून जाण्यास फर्माविले. म्हणजे खोऱ्यातील अनेक लेनापी हे स्वतःच विस्थापित होते. १७५३ मध्ये कनेक्टिकटात सस्क्वेहॅना कंपनी स्थापन झाली. पुढील वर्षी ऑल्बनी येथे जॉन लायडियस या व्यापाऱ्याने इरोक्वॉय पुढाऱ्यांना वेगवेगळे गाठून, २,००० पौंडांच्या मोबदल्यात, कंपनीच्या नावाने खरेदीखतावर सह्या घेतल्या. पेनसिल्व्हेनियाने हे खत कधीच मानले नाही. इरोक्वॉय संघानेही पुढे ते नाकारले.

लेनापींचा पुढारी टीडियस्कंग याने ईस्टन येथील वाटाघाटींत आपल्या लोकांसाठी वायोमिंगची भूमी कायमची मागितली होती. पेनसिल्व्हेनिया सरकारने त्यांच्यासाठी तेथे घरेही बांधून दिली. कायमचा हक्क मात्र मिळाला नाही. १९ एप्रिल १७६३ रोजी टीडियस्कंग आपल्या घरात जळून मेला. वस्तीतील इतर घरेही जळाली. आग कोणी लावली हे न्यायालयात कधी सिद्ध झाले नाही. पण थोड्याच आठवड्यांत कनेक्टिकटचे वसाहतकार त्या मोकळ्या जागेवर नांगर धरून उभे होते. ऑक्टोबरात लेनापींनी हल्ला करून त्यांना हुसकावले. त्या हल्ल्याचा पुढारी टीडियस्कंगचा मुलगा होता, असे सांगतात.

१७६८ मध्ये फोर्ट स्टॅनविक्स येथे पेन घराण्याने इरोक्वॉयांकडून हीच जमीन विकत घेतली. १७६९ च्या प्रारंभी कनेक्टिकटची चाळीस माणसे परत आली. ‘फोर्टी फोर्ट’ हे नाव त्यांच्या संख्येवरून पडले. त्यानंतर दोन्ही वसाहतींच्या लोकांत गढ्या घेण्याचे, परत जिंकण्याचे, घरांतून बाहेर काढण्याचे आणि तुरुंगात डांबण्याचे सत्र चालले. या लढायांना ‘यँकी-पेनमाइट युद्धे’ म्हणतात. १७७४ मध्ये कनेक्टिकटने खोऱ्याला ‘वेस्टमोरलंड’ या नावाने आपले गाव म्हणून घोषित केले. डिसेंबर १७७५ मध्ये, म्हणजे इंग्लंडविरुद्धचे युद्ध सुरू होऊन आठ महिने झाल्यावर, पेनसिल्व्हेनियाच्या बाजूने विल्यम प्लंकेट हा शेकडो माणसांची शिबंदी घेऊन या खोऱ्यावर चालून आला आणि नाताळच्या सुमारास मागे हटविला गेला.

आल्बर्टच्या न्यायासनापुढे क्वचितच तंटा येणाऱ्या खोऱ्याची कागदपत्रांतील हकीकत ही अशी आहे. तेथे तंटा हीच नित्याची स्थिती होती, आणि तो मिटविणारे सर्वमान्य न्यायासन नव्हते.

५

हे ध्यानात घेतले म्हणजे ३ जुलै १७७८ चा दिवस वेगळा दिसू लागतो. त्या दिवशी जॉन बटलरचे राजनिष्ठ रेंजर्स आणि मुख्यतः सेनेका योद्धे यांच्याशी लढण्यास झेब्युलन बटलर व नेथन डेनिसन यांच्या नेतृत्वाखाली वसाहतकारांची ३५० हून अधिक माणसे गढीबाहेर पडली. त्यांपैकी सुमारे ३०० मारली गेली. पुष्कळांचा वध रणांगणातून पळताना अथवा कैद झाल्यावर झाला. जॉन बटलरने आपल्या अहवालात २२७ शिरत्वचा घेतल्याचे नमूद केले आहे. या क्रौर्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. परंतु फोर्टी फोर्टने शरणागती पत्करल्यावर आत आश्रय घेतलेल्या बायका-मुलांची सरसकट कत्तल झाली, ही वार्ता वृत्तपत्रांनी फैलावलेली अतिशयोक्ती होती. त्यांच्यापैकी अनेकांचे हाल व मृत्यू झाले ते पूर्वेकडील दलदलीच्या अरण्यातून डेलावेअर नदीकडे पळताना.

डेनिसन आणि जॉन बटलर यांच्यात झालेल्या शरणागतीच्या करारात एक लक्षणीय कलम आहे. ज्यांना ‘टोरी’ म्हटले जाते त्यांच्या हिरावलेल्या मालमत्तेची भरपाई व्हावी आणि त्यांनी आपापल्या शेतांवर निर्धास्त राहावे, असा त्याचा आशय आहे. येथे प्रश्न एकट्या राजनिष्ठेचा नाही. तो शेताचा आहे. पेनसिल्व्हेनियाच्या खतावर जमीन कसणाऱ्या कित्येकांना कनेक्टिकटवाल्यांनी आधी शत्रू आणि मग टोरी ठरविले होते. त्यांच्यातील काही माणसे हल्लेखोरांच्या बाजूने खोऱ्यात परतली. काव्यात बाहेरून कोसळलेले संकट कागदपत्रांत अंशतः आतून उठलेले दिसते.

६

संहारानंतरही वाद संपला नाही. ३० डिसेंबर १७८२ रोजी ट्रेंटन येथे बसलेल्या आयोगाने खोरे पेनसिल्व्हेनियाचे ठरविले. निर्णयाची कारणे दिली नाहीत. राज्याची हद्द ठरली, पण प्रत्यक्ष शेते कोणाची हा प्रश्न तसाच राहिला. १७८४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या शिपायांनी कनेक्टिकटच्या कुटुंबांना घरांतून हाकलले. ज्या संहारावर कॅम्बेलने काव्य रचले त्यातून वाचलेली माणसे त्यांत होती. १७८७ चा हक्क मान्य करणारा कायदा १७९० मध्ये रद्द झाला आणि १७९९ च्या तडजोडीच्या कायद्याने कोठे निकालाची वाट खुली झाली. या सर्व निवाड्यांत लेनापींचे नाव कोठेही वादी म्हणून आले नाही.

इतिहासकारांनी कॅम्बेलला दुरुस्त केले ते कोणत्या बाबतीत? विल्यम स्टोनने १८४१ मध्ये काव्य आणि इतिहास एकाच ग्रंथात छापून ब्रँटची बाजू मांडली. चार्ल्स मायनरने १८४५ च्या आपल्या इतिहासात वाचलेल्यांच्या आठवणी कष्टाने गोळा केल्या. मायनरचा ग्रंथ जमिनीच्या वादाने भरलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो वाद त्याने कनेक्टिकटच्या अशिलाची कैफियत म्हणून मांडला, आणि त्या कैफियतीला सर्वात मोठा आधार मिळाला तो १७७८ च्या रक्ताचा. जेथे पूर्वज मेले ती भूमी आपली, हा युक्तिवाद खरेदीखतापेक्षा प्रबळ ठरला. कॅम्बेलच्या काव्याने या युक्तिवादाला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. ज्युलियन बॉइड व रॉबर्ट टेलर यांनी १९३० ते १९७१ या काळात संपादिलेले सस्क्वेहॅना कंपनीच्या कागदपत्रांचे अकरा खंड आणि १९४९ मधील अँथनी वॉलेसचे टीडियस्कंगचे चरित्र यांनी या खोऱ्याच्या इतिहासाचा आरंभ पुन्हा मागे, त्याच्या योग्य जागी नेला.

७

कवीला इतिहासाचे बंधन नाही, असे उत्तर यावर दिले जाईल. ते तत्त्वतः मान्य आहे. काव्य घडलेले सांगत नाही, घडू शकेल ते सांगते, असे ॲरिस्टॉटलच म्हणतो. पण त्याच कसोटीवर ‘गर्ट्रूड’ उणी पडते. तिच्यातील दुःखाला पूर्वकारण नाही. पात्रांच्या कृतीतून ते उद्भवत नाही. वीज पडावी तसे ते पडते. त्यामुळे वाचकाला कणव वाटते, पण शोकात्मिकेत अपेक्षित असलेली उमज येत नाही. हा ऐतिहासिक दोषच येथे वाङ्मयीन दोष झाला आहे. खोऱ्याला आरंभ नाकारल्यामुळे त्याच्या शेवटाला अर्थ राहिला नाही. आल्बर्टच्या शेताखाली टीडियस्कंगच्या घराची राख असल्याची जाणीव काव्यात कोठेतरी असती, तर तोच न्यायी, सज्जन आल्बर्ट एका अन्यायाचा निष्पाप वारस म्हणून उभा राहिला असता आणि गर्ट्रूडचा मृत्यू अधिक दारुण झाला असता. औटालिसीच्या शोकगीताचे सामर्थ्य पाहता कॅम्बेलजवळ यासाठी लागणारी सहानुभूती होती. तो शोक ज्यांचे खोरे गेले त्यांच्या वतीने उच्चारला जावा, हे मात्र त्याला सुचले नाही.

सरहद्दीवरील वसाहतींच्या वाङ्मयाचा अभ्यास करताना म्हणूनच पक्षी, झाडे आणि नावे तपासून थांबता कामा नये. कथा कोणत्या वर्षी सुरू होते, हे प्रथम पाहावे. १७७८ मध्ये सुरू होणारे वायोमिंग निरपराधांचे असते; १७३७ मध्ये सुरू होणाऱ्या वायोमिंगमध्ये निरपराध माणसे असतात, पण भूमी निरपराध राहत नाही.