माणिकबागेचा लिलाव

'लिलाव' हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की तो पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला याचे स्मरण सहसा कोणास होत नाही. शब्द परका असला तरी बोलीची रीत मात्र आपल्या देवालयांस अपरिचित नाही. उत्सवाच्या अखेरीस देवापुढे आलेला नारळ, केळ्यांचा घड किंवा देवीच्या अंगावरून उतरलेले वस्त्र पुढे ठेवून सभामंडपात बोली होते. गोव्यात तिला पावणी म्हणतात. बाजारात ज्याला जेमतेम दाम मिळेल अशा नारळास तेथे कित्येक पट मोल येते, आणि ते देणाऱ्यास आपण फसलो असे मुळीच वाटत नाही. कारण हे मोल नारळाचे नसून तो ज्या स्थानी ठेवला गेला त्या स्थानाचे असते, आणि बोलीचा पैसा पुन्हा त्याच स्थानाकडे परततो.

विसाव्या शतकातील गृहालंकरणाच्या वस्तूंचे जे मोठमोठे लिलाव पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क येथे होतात, त्यांतही एका अर्थाने हेच घडते. खुर्ची कोणी घडविली याइतकेच ती कोणाच्या घरी होती, यालाही तेथे महत्त्व असते. सूचीतील वर्णनात त्या वस्तूची कुळकथा आवर्जून दिलेली असते व तिच्या आधारे बोली चढते. फरक एवढाच की स्थानाच्या नावावर मिळालेला पैसा त्या स्थानाकडे जात नाही. या फरकाचा अर्थ नीट समजून घ्यावयाचा तर इंदूरच्या माणिकबाग राजवाड्याचे उदाहरण फार बोलके आहे. तो वाडा एका मराठी संस्थानिकाने उभारला, आणि इंदूर हे तर मराठी समाजाचे जुने वसतिस्थान.

यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा जन्म १९०८ चा. वडील तुकोजीराव (तिसरे) यांनी गादी सोडल्यावर १९२६ साली ते महाराज झाले व १९३० साली त्यांस पूर्ण अधिकार मिळाले. ऑक्सफर्ड येथे शिकत असता त्यांची एकार्ट मुथेझियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाशी ओळख झाली. त्याचे वडील हेरमान मुथेझियस हे जर्मनीतील उपयोजित कलेच्या चळवळीचे एक आधारस्तंभ होते. बाविशीतल्या महाराजांनी सव्विशीतल्या या मित्रावर आपल्या नव्या वाड्याचे काम सोपविले आणि १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग उभी राहिली.

या वाड्यात जमविलेल्या वस्तूंची नामावली आज वाचली तरी थक्क व्हायला होते. रूलमानचे लेखनमेज, इवान दा सिल्व्हा ब्रुन्सचे गालिचे, प्युईफोर्काची चांदीची भांडी, लुई सोन्यो व शार्लोत आलिक्स यांनी काच आणि धातू यांतून घडविलेला पलंग, ल कॉर्ब्युझिए, पिएर जानरे व शार्लोत पेरियाँ यांची पहुडण्याची खुर्ची, आणि आयलीन ग्रे या आयरिश कलावतीची 'त्रान्सात' नावाची खुर्ची. स्वतः मुथेझियसने ग्रंथालयासाठी तांबड्या रंगाच्या ऐसपैस खुर्च्या केल्या आणि वाचनाचे दिवे खुर्च्यांतच बसवून दिले.

परंतु नामावली म्हणजे कलाविचार नव्हे. या संग्रहाचे खरे गुण वस्तूंच्या परस्परसंबंधात होते. दिवा खुर्चीत बसविला, कारण ती खुर्ची ग्रंथालयातली. पलंगास काच व धातू वापरले, कारण वाड्याच्या दारे-खिडक्या व दिवे यांतही त्याच द्रव्यांची भाषा होती. एका हाताने संपूर्ण घराची संगती लावली होती व तीत भिन्न देशांच्या, भिन्न वृत्तींच्या कलावंतांना जागा मिळाली होती. रूलमान हा उंची लाकडाचा आणि राजेशाही परंपरेचा. ग्रे आणि पेरियाँ यांची ओढ हलक्या, मोकळ्या, नव्या बांधणीकडे. युरोपात ज्यांचे परस्परांशी पटले नसते अशांना इंदुरात एका छपराखाली सुखाने नांदता आले. हे श्रेय निवड करणाऱ्या दृष्टीचे, म्हणजे महाराजांचे आणि त्यांच्या मित्राचे होय.

याच दृष्टीची एक उणीवही सांगितली पाहिजे. या सगळ्या थाटात इंदूरच्या, किंबहुना माळव्याच्या कारागिराचा हात शोधूनही सापडत नाही. फर्निचर जहाजाने आले आणि मांडले गेले. बेर्नार बुते द मॉनव्हेल याने महाराजांची दोन चित्रे रंगविली: १९२९ चे विलायती सायंपोशाखातले, तर काही वर्षांनंतरचे मराठी पोशाखातले. दोन्ही चित्रे उत्तम आहेत. पण त्या दोन पोशाखांतील माणसांची गाठ माणिकबागेत पडली असे म्हणवत नाही. ती पडण्याची एक संधी मात्र आली होती. महाराजांनी ब्रांकुशी या रुमानियन शिल्पकाराचे 'अवकाशातील पक्षी' हे शिल्प तीन रूपांत घेतले होते: एक काळ्या संगमरवरात, एक पांढऱ्या संगमरवरात आणि एक ब्राँझमध्ये. या शिल्पांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधावयाचे होते. त्यासाठी १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकुशी स्वतः हिंदुस्थानात आला. मंदिर झाले नाही. झाले असते तर या संग्रहाला इंदूरच्या भूमीत मूळ धरता आले असते. संगमरवरी पक्ष्यांची ती जोडी १९७३ पासून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात, कॅनबेरा येथे आहे.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, १९६१ साली महाराज निवर्तले, १९७१ साली तनखे गेले. १९७० नंतरच्या दशकात वाडा सरकारी मालकीचा झाला आणि आज तेथे केंद्रीय करविभागाचे कार्यालय आहे. आतील सामान विक्रीस निघाले, आणि २५ मे १९८० रोजी मोनाको येथे सदबी या पेढीने माणिकबागेच्या फर्निचरचा स्वतंत्र लिलाव केला. त्यातली एक गोष्ट मनाला चटका लावते. ग्रेने 'त्रान्सात' खुर्चीची कल्पना ज्या घरासाठी योजिली, ते रोकब्रुनचे घर मोनाकोपासून हाकेच्या अंतरावर आहे. ज्या किनाऱ्यासाठी ती कल्पना स्फुरली त्याच किनाऱ्यावर इंदूरची खुर्ची परत आली, ती हातोड्याखाली जाण्यासाठी.

येथे लिलावाला सरसकट दोष देणे न्यायाचे होणार नाही. या कलेचे आजचे ज्ञान पुष्कळ अंशी संग्राहकांनी व लिलावगृहांनीच मिळवून दिले आहे. स्वतः ग्रे हिचेच पाहा. तिचे नाव जवळजवळ विस्मृतीत गेले होते. १९७२ साली पॅरिसमध्ये झाक दूसे यांच्या संग्रहाचा लिलाव झाला, त्यात तिने रोगणात घडविलेला पडदा पुढे आला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. तेव्हा ती चौऱ्याण्णव वर्षांची होती. १९७६ साली ती वारली. पुढे २००९ साली ईव्ह सँ लोराँ व पिएर बेर्जे यांच्या संग्रहातील तिची 'व्याल' खुर्ची पॅरिसमध्ये २ कोटी १९ लाख ५ हजार युरोंना गेली. विसाव्या शतकातील गृहालंकरणाच्या वस्तूस तोवर एवढी किंमत कधीच आली नव्हती. माणिकबागेपुरते बोलायचे तर १९८० च्या सूचीमुळेच तो वाडा युरोपातील अभ्यासकांस नव्याने कळला. त्या वस्तू तशाच पडून राहत्या तर दमट कोठारात त्यांची काय गत झाली असती, हे आपल्या सरकारी कचेऱ्यांशी ज्याचा परिचय आहे त्यास सांगावयास नको.

मग हरकत कशाला आहे? लिलाव वस्तूला वाचवितो आणि संगतीला मोडतो, ही हरकत आहे. दिव्याची खुर्ची एका देशात, तिच्या शेजारचा गालिचा दुसऱ्या देशात, आणि दोहोंच्या सूचीत मात्र 'माणिकबाग, इंदूर' हे शब्द. जे घर मोडले त्याच्या नावावर त्याचे तुकडे विकले जातात. पॅरिसच्या अलंकरणकला-संग्रहालयाने सप्टेंबर २०१९ ते जानेवारी २०२० या काळात या महाराजांविषयी मोठे प्रदर्शन भरवून पांगलेल्या वस्तू काही महिन्यांपुरत्या एकत्र आणल्या. त्यांचे कौतुकच केले पाहिजे. पण इंदूरच्या शाळकरी मुलाला आपल्या गावाचे हे वैभव पाहण्यासाठी पॅरिस गाठावे लागावे, यात कोठे तरी आपलेही चुकले आहे.

आपला कायदाही येथे अपुरा पडतो. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाने शंभर वर्षांहून जुनी वस्तू ती पुरावस्तू. तिच्या निर्यातीस बंदी आहे. रविवर्मा, अमृता शेरगील, जामिनी रॉय अशा काही चित्रकारांच्या कृतींना कलानिधी म्हणून संरक्षण मिळाले. पण विसाव्या शतकातली खुर्ची, दिवा, गालिचा यांना कोणी वाली राहिला नाही. माणिकबागेत ज्याची खुर्ची होती तोच पिएर जानरे पुढे १९५१ पासून १९६५ पर्यंत चंडीगढच्या उभारणीत राबला. तेथील कचेऱ्या, न्यायालये, विद्यापीठ यांसाठी सागवान व वेत यांच्या हजारो खुर्च्या-मेजे करविण्यात आली. पुढे ती निर्लेखित ठरून गच्च्यांवर रचली गेली, सरकारी लिलावात मोडीच्या भावाने गेली, आणि परदेशी लिलावगृहांत लाखांच्या किमतींनी विकली गेली. केंद्रीय गृहखात्याने ही विक्री थांबविण्याचा आदेश काढला तो २०११ साली.

चंडीगढच्या उदाहरणाने आणखी एक प्रश्न उभा राहतो. सूचीत नाव जानरेचे. पण रंधा मारणारे, वेत विणणारे हात स्थानिक सुतारांचे होते व युली चौधरींसारख्या येथल्या वास्तुशिल्पज्ञांचाही त्या रचनांत वाटा होता. सहीवाचून बोली चढत नाही. म्हणून बाजार एक नाव निवडतो व बाकीची पुसून टाकतो. कारागिरीची कला अनेकांच्या हातांनी जगते, आणि या तिच्या स्वभावावरच बाजार घाव घालतो.

याच होळकर घराण्याच्या इतिहासात याचे उत्तर देणारे दुसरे उदाहरण आहे. अहिल्याबाईंनी महेश्वरी विणकामास आश्रय दिला. पेशव्यांच्या काळातील तो उद्योग विसाव्या शतकात खालावला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड व सॅली होळकर यांनी 'रेहवा' ही संस्था काढून त्याला पुन्हा बळ दिले. रिचर्ड हे माणिकबागेच्या याच यशवंतरावांचे पुत्र. महेश्वरी लुगड्याच्या काठावर आजही विटेची, चटईची नक्षी विणली जाते. माणिकबागेच्या तोलाची दुर्मिळता त्या लुगड्यात नाही व त्यास कोटींची बोलीही येणार नाही; पण ती कला आपल्या गावी, आपल्या मागावर आहे. वडिलांचा संग्रह पांगला आणि त्याच सुमारास पुत्राच्या हातून माग पुन्हा चालू झाले. संस्कृतीचा हिशेब मांडताना या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लिहिल्या पाहिजेत.

हा सारा खटाटोप राजेरजवाड्यांचा, आपणास त्याचे काय, असे कोणी म्हणेल. वाचकांनी आपल्याच देवालयात एकवार डोळे उघडून पाहावे. सभामंडपातल्या हंड्या-झुंबरे, गर्भगृहाच्या चांदीच्या पत्र्यांवरचे ठोकीव काम, प्रभावळ, समया, पालखी आणि लालखी यांच्यावरील लाकडी कोरीव काम, यांतले पुष्कळसे विसाव्या शतकातले आहे. ते शंभर वर्षांचे नसेल तर कायद्याच्या दृष्टीने ती साधी मालमत्ता. जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुनी समई वजनावर मोडीत जाते, जुन्या हंडीच्या जागी झगझगीत दिवा येतो, आणि हंडी कोठल्या तरी दुकानदाराच्या मार्गाने एखाद्या हॉटेलच्या दालनात जाऊन टांगली जाते. विकणाऱ्या समितीच्या मनात पाप नसते. वस्तूचे मोल तिला ठाऊक नसते, इतकेच.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. प्रत्येक देवस्थानाने आपल्या वस्तूंची वही ठेवावी. तीत छायाचित्र, माप, वजन, अर्पण करणाऱ्याचे नाव व साल असावे. आणि विशेषेकरून घडविणाऱ्या सोनार, तांबट, सुताराचे नाव आठवणाऱ्या वृद्धांस विचारून लिहून ठेवावे. एखादी वस्तू काढून टाकण्यापूर्वी महाजनांच्या सभेत तिची चर्चा व्हावी आणि दुरुस्त होणारी वस्तू मोडीत घालू नये. पावणीत नारळावर बोली करणारा भक्त स्थानाचे मोल जाणतो. त्याच सभामंडपात डोक्यावर टांगलेल्या हंडीकडेही त्याच जाणिवेने पाहण्याची सवय आपल्याला लागली, तर माणिकबागेच्या कथेतून आपण काही शिकलो असे म्हणता येईल.