मुद्दे काढले, मजकूर राहिला

आपल्याकडे विद्यार्थ्याच्या वाचनाची फाळणी दहावीलाच होते. कविता आली की रसग्रहण: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. वैचारिक उतारा आला की मुद्दे. पदव्युत्तर वर्गापर्यंत ही सवय सुटत नाही. साहित्याला सौंदर्य आणि राजकीय लेखनाला विचार अशी वाटणी ठरून गेली आहे, आणि तिच्यात दोन्हींचे नुकसान होते.

जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ (१८७३) घ्या. ‘फुल्यांनी पुराणकथांची चिकित्सा केली’ हे उत्तर गाइडात मिळते आणि त्याला गुणही मिळतात. पण त्याच पुस्तकात फुल्यांनी थेट परशुरामाला पत्र धाडले आहे. तो चिरंजीव आहे ना, मग मुदतीत हजर व्हावे, असे बजावले आहे. पुराणाचाच दावा खरा धरून त्याला सरकारी नोटिशीच्या थाटात जाब विचारायचा, ही रचना हाच तिथला युक्तिवाद आहे. मुद्दे काढणाऱ्याच्या हाती निष्कर्ष लागतो, घाव निसटतो.

बाबासाहेबांच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’चेही तेच होते. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषणाचा मजकूर पाहून त्यातल्या काही भागांना हरकत घेतली आणि अधिवेशनच रद्द केले. १९३६ साली बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण स्वतः छापले. समोर सवर्ण सुधारक बसले आहेत, हे ध्यानात ठेवून वाचले तर प्रत्येक परिच्छेदाची चढण कळते. तो संदर्भ काढून टाकला की उरते ती जातिव्यवस्थेच्या दोषांची यादी.

उलट बाजूची चूक दलित कवितेबाबत होते. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला (१९७२) विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. कामाठीपुऱ्याचे जग पाहून लिहिलेली ती प्रस्तावना वाचून विद्यार्थी वस्तीची माहिती आणि बोलीतल्या शब्दांचे अर्थ टिपतो. ओळ कुठे तुटते, शिवी कुठे येते आणि तिच्यामागोमाग करुणा कशी येते, हे पाहायचे राहून जाते. कविता मग पुराव्याचा कागद ठरते.

आपल्याकडे चांगल्या वाचनाची उदाहरणे नाहीत असे मुळीच नाही. म. वा. धोंडांनी मर्ढेकरांची कविता शब्दाशब्दाने आणि काळाच्या तपशिलासह उलगडली. शरद पाटील आणि शरणकुमार लिंबाळे यांनी सौंदर्याचे निकषच कोणी ठरवले, असा प्रश्न उभा केला. एकाने बारकावा दिला, दुसऱ्यांनी प्रश्न दिला. पण वर्गात हे दोन वारसे क्वचितच एकत्र येतात. रूप पाहणारा सत्तेबद्दल विचारत नाही, सत्तेबद्दल बोलणारा वाक्य पाहत नाही.

अभ्यासक्रम बदलायला वेळ लागेल. शिक्षकाला मात्र उद्याच्या तासाला सुरुवात करता येईल. ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’चे (१८८२) एकच पान मोठ्याने वाचून घ्यावे. इथे कोण कोणाला विचारते आहे? प्रश्नांची सरबत्ती का, शांत विवेचन का नाही? सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याचा या संतापाशी काय संबंध? ही उत्तरे पानातून शोधल्यावरच गाइड उघडावे. परीक्षेत असे उत्तर लिहिणाऱ्याचे गुण कापले जाणार नाहीत, एवढी जबाबदारी विद्यापीठांनी घ्यायलाच हवी. आज मुलांना नेमकी तीच भीती वाटते.