परवान्याचे वाक्य आणि वक्त्याचा अधिकार

संगणकाची आज्ञावली ही कायद्याच्या दृष्टीने साहित्यकृती होय. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात १९८४ साली दुरुस्ती होऊन तिला हे स्थान लाभले. आज्ञावली जर साहित्यकृती, तर तिच्या वापराची अनुज्ञा देणारा परवानाही भाषाभ्यासकाच्या कक्षेत येतो. अशा एका परवान्याचे अर्थदृष्ट्या परीक्षण करण्याचा येथे हेतू आहे.

स्वीडनमधील मोजांग या कंपनीच्या ‘माइनक्राफ्ट’ या खेळासाठी हौशी खेळाडूंनी २०१० च्या अखेरीस ‘बुकिट’ हा प्रकल्प आरंभिला. कंपनीची सर्व्हर-आज्ञावली केवळ यंत्ररूपात, तीही आतील नावे मुद्दाम निरर्थक करून, प्रसिद्ध होत असे. स्वयंसेवकांनी ती उलगडली, नावांना पुन्हा अर्थ दिला, स्वतःच्या ओळी मिसळल्या, आणि ही मिश्र संहिता ‘क्राफ्टबुकिट’ म्हणून सर्वांपुढे ठेवली. ‘बुकिट’ला जीपीएल व ‘क्राफ्टबुकिट’ला तिचेच सौम्य रूप असलेला एलजीपीएल, असे परवाने जोडले गेले. दोहोंचा गाभा एकच: साधित कृती वितरित करणाऱ्याने तिचा मूळ पाठही त्याच अटींवर द्यावा.

ऑगस्ट २०१४ मध्ये प्रकल्प आपल्या मालकीचा असल्याचे मोजांगने जाहीर केले. सप्टेंबरात एका प्रमुख योगदानकर्त्याने अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल प्रताधिकार कायद्यान्वये सूचना धाडली. त्याचे म्हणणे असे की, आपल्या ओळी ज्या कृतीत आहेत तिचा उर्वरित भाग परवान्याच्या अटी पाळीत नाही. कंपनीचे उत्तर असे की, आपली आज्ञावली त्या परवान्याखाली घालण्याची अनुज्ञा आपण कधी दिलीच नव्हती. परिणामी वितरण थांबले.

या वादात कोणी योगदानकर्त्याला दोष दिला, कोणी कंपनीला. वस्तुतः दोष परवान्याच्या उच्चारातच होता. जे. एल. ऑस्टिन यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत दाखविले की, काही वाक्ये वर्णन करीत नाहीत, कृती करतात. मात्र वक्त्यास अधिकार नसेल तर ती कृती सिद्धच होत नाही. ‘ही संहिता मी या अटींवर देतो’ हे त्याच जातीचे वाक्य आहे. साधित शब्दात धातू आणि प्रत्यय एकजीव होतात, तशी येथे दोन संहितांची जुळणी झाली होती. प्रत्यय जोडणाऱ्याला प्रत्ययापुरतेच दान करता येते. धातू त्याचा नसतो.

मौन हे संमतीचे लक्षण, असा आक्षेप येथे घेता येईल. कंपनीने वर्षानुवर्षे प्रकल्प चालू दिला, त्यातील प्रमुखांना २०१२ मध्ये नोकरीही दिली. हा युक्तिवाद दुर्बळ नाही. परंतु मौनातून फार तर ‘चालू द्या’ एवढाच अर्थ निघतो. ‘माझी कृतीही याच अटींवर घ्या’ हा नाही. सहन करणे आणि देणे ही दोन भिन्न क्रियापदे आहेत. इंग्रजी ‘फ्री’ शब्दात ‘फुकट’ व ‘मुक्त’ यांचा जसा घोटाळा होतो, तसाच येथे ‘उघडे’ व ‘दिलेले’ यांचा झाला.

पुढे ‘स्पिगॉट’ या सहोदर प्रकल्पाने काढलेला मार्ग उद्बोधक आहे. तो तयार कृती न वाटता केवळ फेरफार वाटू लागला. मूळ आज्ञावली वापरणाऱ्याच्या यंत्राने कंपनीकडून आणावी आणि जोडणी तेथेच व्हावी. म्हणजे वक्ता आपल्या अधिकारापुरतेच बोलू लागला.

हा प्रश्न केवळ खेळाचा नाही. आपल्या विभागांतून आधुनिक मराठी गद्याचे व्याकरणिक खुणांकन केलेले संग्रह सिद्ध होतात व ‘मुक्त’ म्हणून प्रसिद्ध होऊ पाहतात. खुणा संशोधकाच्या असतात. वाक्ये लेखकाची, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षेपर्यंत त्याच्या वारसांची. खुणा आणि पाठ वेगळे ठेवून प्रत्येकाचा परवाना स्वतंत्र सांगितला नाही, तर वर्षांचे परिश्रम एका पत्राने मागे घ्यावे लागतील. म्हणून संग्रहाला परवाना जोडण्यापूर्वी संशोधकाने त्यातील प्रत्येक अंश कोणाचा आहे, हे प्रथम निश्चित केले पाहिजे.